ग्रामीण काउंटीचे मध्यक उत्पन्न वाढले, म्हणजे सर्वांची कमाई वाढली का?

अमेरिकेतील एखाद्या ग्रामीण काउंटीचे (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाचे) मध्यक कौटुंबिक उत्पन्न दोन वर्षांत वाढलेले दिसले की तिथल्या सर्वांचीच कमाई वाढली, असा समज वर्षानुवर्षे फिरत आला आहे. आकडा अधिकृत असल्याने तो सहज पटतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

सगळी घरे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने मांडली असता जे घर मधोमध येते, त्याचे उत्पन्न म्हणजे मध्यक. गरीब घरे काउंटी सोडून गेली, तर उरलेल्यांच्या हाती एक डॉलरही जास्त न येता मध्यक वर सरकतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, २०,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीसाठी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे (अमेरिकेच्या जनगणना विभागाचे नमुना सर्वेक्षण) पाच वर्षांचे नमुने एकत्र करूनच अंदाज देतो. २०१६–२०२० आणि २०१८–२०२२ या अंदाजांत तीन वर्षे सामाईक असल्याने त्यांची तुलना करू नये; २०१८–२०२२ची तुलना २०१३–२०१७शी करावी, आणि तीही जुने डॉलर महागाईनुसार २०२२च्या किमतीत आणून.

पडताळणी घरबसल्या करता येते. प्रत्येक अंदाजाशेजारी ± चिन्हाने त्रुटीची मर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे अंदाज किती वरखाली असू शकतो ते, दिलेली असते. समजा, एक अंदाज ४८,००० ± ४,००० आणि दुसरा ५१,००० ± ३,००० आहे. दोन्ही मर्यादांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ५,००० येते; ही दोन अंदाजांतील फरकाची त्रुटीमर्यादा, आणि फरक मात्र तिच्याहून कमी, ३,०००च आहे. अशा वेळी उत्पन्न वाढले असे म्हणता येत नाही, आणि घटले असेही नाही.