टॉपिक सेंटेन्सचा नियम आला कुठून?

परदेशात मास्टर्सला गेलेल्या आपल्या मुलांना पहिल्याच निबंधावर बऱ्याचदा असा शेरा येतो की पॅराग्राफ नीट बांधलेले नाहीत, टॉपिक सेंटेन्स, म्हणजे पॅराग्राफचा विषय सुरुवातीलाच सांगणारं वाक्य, कुठंय. मग मुलं खचतात, त्यांना वाटतं आपल्याला सुसंगत विचारच करता येत नाही. मला हे फार लागतं, कारण हा नियम काही इंग्रजीबरोबर जन्माला आलेला नाही, तो गेल्या दीडशे-एकशेसाठ वर्षांतला आहे, वर्गात शिकवण्यासाठी बसवलेला, आणि तो कोणी कुठे बसवला हेही माहीत आहे.

त्याआधी पॅराग्राफ म्हणजे नुसती खूण होती. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विषय बदलला की ओळीच्या सुरुवातीला खाली एक आडवी रेघ मारायचे. मध्ययुगात युरोपात त्या जागी ¶ सारखं चिन्ह आलं, तेही लाल किंवा निळ्या शाईत, नंतर वेगळा माणूस बसून भरायचा. छपाई सुरू झाली तसं हाताने चिन्हं भरणं मागे पडलं आणि त्यासाठी सोडलेली जागा तेवढी कोरी राहिली, आज आपण पहिली ओळ आत सरकवतो त्याची गोष्ट सहसा अशीच सांगतात. आत काय असावं, किती असावं, याचा नियम काहीच नाही.

नियम केला तो अलेक्झांडर बेन यांनी, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनमध्ये. बेन विणकराचा मुलगा, लहानपणीच शाळा सुटली, मागावर बसून शिकत शिकत वर आलेला माणूस. १८६० मध्ये ते तिथल्या विद्यापीठात लॉजिक आणि इंग्रजी या दोन्हींचे प्रोफेसर झाले, समोर बसणारी बरीचशी मुलं घरी स्कॉट्स ही तिकडची भाषा बोलणारी, म्हणजे पुस्तकी इंग्रजी त्यांनाही शिकावीच लागत होती! १८६६ मध्ये बेननी इंग्रजी लेखन कसं रचावं यावर पुस्तक काढलं आणि त्यात पॅराग्राफचे सहा नियम दिले: प्रत्येक वाक्याचा आधीच्याशी संबंध स्पष्ट हवा, एकाच गोष्टीबद्दलच्या वाक्यांची ठेवण सारखी हवी, पहिल्या वाक्यात विषय ठळक दिसावा, क्रम नीट असावा, हेतू एकच असावा आणि मुख्य काय, दुय्यम काय ते कळावं. यातल्या तिसऱ्या नियमात त्यांनी सूटही ठेवलेली, की पहिलं वाक्य उघडउघड नुसतं प्रस्तावनेचं असेल तर चालेल. शाळांमध्ये पोचेपर्यंत ती सूट गळाली, नियम तेवढा उरला.

पसरला मात्र तो अमेरिकेत. १८७४ पासून हार्वर्डने प्रवेशासाठी इंग्रजी निबंध लिहायला लावला, त्यात ढिगाने मुलं नापास झाली, आणि मग रचना शिकवायचे वर्ग सगळीकडे सुरू झाले. बॅरेट वेंडेल नावाचे हार्वर्डचे प्रोफेसर दीडशेच्या वर मुलांचे वर्षाला वीस हजारांहून जास्त कागद वाचायचे. एवढं वाचायचं तर पटकन तपासता येईल असं काहीतरी लागणारच, आणि पॅराग्राफ हे त्यासाठी अगदी सोयीचं माप, माझ्या मते नियम टिकायचं मोठं कारण हेच. १८९१ मध्ये स्कॉट आणि डेनी या अमेरिकन प्राध्यापकांनी तर फक्त पॅराग्राफवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यांचं म्हणणं पॅराग्राफ म्हणजे छोटा निबंधच.

आपल्याकडे काय होतं तेव्हा? मोडीत तर शब्दांमध्येही जागा सोडत नसत, आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. विरामचिन्हं मराठीचा कोश करणाऱ्या मेजर कँडीसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आणली. आणि हार्वर्डची ती परीक्षा सुरू झाली त्याच १८७४ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला निघाली, मेकॉले-जॉन्सन हे इंग्रजी निबंधकार पचवलेली, पण लांबलचक वळणं घेत मुद्द्यावर येणारी. ती गबाळी आहे असं कोण म्हणेल?

परक्या मुलांच्या माथी हा नियम मारला गेला तो विसाव्या शतकात. १९६६ मध्ये रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी कोणत्या भाषेचे लोक कसा पॅराग्राफ लिहितात याची चित्रंच काढली, इंग्रजी म्हणजे सरळ रेघ, पूर्वेकडच्यांचा भोवरा, इतरांची नागमोडी. त्यावर टीका खूप झाली, पुढे त्यांनी स्वतःही ते बरंच सौम्य केलं, तरी सरळ रेघ डोक्यात बसली ती बसलीच. मग १९८९ मध्ये आयईएल्टीएस ही परदेशी शिकायला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा आली, तिच्यात लेखनाला चार निकष, त्यातल्या एकात पॅराग्राफची मांडणी थेट बघतात.

खुद्द इंग्रजी लेखक हे पाळतात का, हे रिचर्ड ब्रॅडॉक या अमेरिकन अभ्यासकांनी १९७४ मध्ये मोजून बघितलं. नावाजलेल्या अमेरिकन मासिकांतले २५ लेख घेतले, तर टॉपिक सेंटेन्सने सुरू होणारे पॅराग्राफ साधारण १३ टक्केच निघाले. म्हणून मोठे लेखक असंच लिहितात असं मुलांना सांगू नका, असं त्यांनी शिक्षकांना बजावलं. पण त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलंय की त्या २५ मधले बरेच लेख, मुद्दा आणखी उघड सांगणारी वाक्यं असती तर, वाचायला जास्त सोपे झाले असते.