रीसलिंग

रीसलिंग : पांढऱ्या वाइनसाठी लावली जाणारी द्राक्षाची सुगंधी जात. व्हायटिस व्हिनिफेरा या प्रजातीतली ही जात मूळची जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातली. जगातल्या एकूण लागवडीपैकी सर्वांत मोठा वाटा आजही जर्मनीकडेच आहे. त्याखालोखाल फ्रान्सचा अल्सास प्रांत, ऑस्ट्रियातले वाखाउ, ऑस्ट्रेलियातली क्लेअर व ईडन खोरी आणि अमेरिकेतली वॉशिंग्टन व न्यूयॉर्क ही राज्ये यांची नावे घ्यावी लागतात.

हिचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १३ मार्च १४३५ चा. रुसेल्सहाइम येथे काट्सेनएलनबोगेनच्या सरदाराच्या हिशेबात या वेलाच्या काड्या विकत घेतल्याची नोंद आहे. जनुकीय तपासणीतून हिचे एक पालक ग्वे ब्लां असल्याचे दिसले आहे. चवीला सामान्य असलेल्या या जुन्या जातीची संतती मात्र नामांकित निघाली; शार्दोने हीसुद्धा तिचीच संतती. दुसरे पालक हा ट्रामिनर ही द्राक्षाची जात आणि रानवेल यांचा संकर असावा.

रीसलिंगचे लाकूड कठीण असल्याने ती हिवाळ्याचा कडाका सोसते. डोळे उशिरा फुटत असल्यामुळे वसंतातल्या हिमाच्या तडाख्यातूनही ती बहुधा वाचते. घड लहान व गच्च, मणी बारीक. पिकायला मात्र ती फार वेळ घेते आणि हिचे सगळे वैशिष्ट्य या संथपणात आहे. उष्ण प्रदेशात साखर भराभर भरते, आम्ल उतरते आणि सुगंध तयार होण्याआधीच तोडणी करावी लागते. थंड, लांबलेल्या शरदात साखर भरत असतानाही आम्ल शाबूत राहते. म्हणूनच एकाच जातीपासून अगदी कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) आणि मधासारखी गोड अशी दोन्ही टोकांची वाइन करता येते. आंबटपणाचा आधार असल्याने गोड वाइनही मिट्ट लागत नाही.

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठी ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास द्राक्षे पिकवायची तर उन्हाचा प्रत्येक कवडसा वेचावा लागतो. म्हणून मळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या उतारांवर आहेत. ब्रेमजवळच्या काल्मोंट डोंगराचा चढ काही ठिकाणी ६० अंशांच्याही वर जातो. तिथे ट्रॅक्टर चालत नाही; माणसे स्वतःला सावरत छाटणी-तोडणी करतात. जमिनीवर पाटीच्या दगडाच्या काळसर चिपा पसरलेल्या असतात. दिवसा तापलेल्या या चिपा रात्री वेलींना ऊब देतात. इथली हलकी वाइन कित्येकदा ८-९ टक्के अल्कोहोलवरच थांबते.

वासात लिंबू, हिरवे सफरचंद, पीच आणि फुले जाणवतात. बाटलीत काही वर्षे मुरल्यावर चक्क रॉकेलची आठवण करून देणारा वास येऊ लागतो. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडांपासून बनणारे टीडीएन हे संयुग त्याचे कारण. मण्यांवर ऊन जितके जास्त, तितके ते वाढते. नवख्याला वाइन बिघडली असे वाटते, जाणकार मात्र याच वासासाठी बाटली राखून ठेवतात. मूळ सुगंध झाकला जाऊ नये म्हणून ओकची नवी पिंपे सहसा टाळतात.

उशिरा तोडणीची परंपरा ऱ्हाइनकाठच्या ऱ्हाइनगाउ भागातल्या योहानिसबेर्ग मळ्याशी जोडली जाते. १७७५ मध्ये मळ्याचे मालक असलेल्या फुल्डाच्या बिशपांकडून तोडणीची परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार बराच उशिरा पोहोचला आणि तोवर मणी बुरशीने सुरकुतले होते, तरी वाइन उत्कृष्ट झाली, अशी कथा आहे. कथेत मीठमसाला असेल, पण बोट्रायटिस बुरशी मण्यातले पाणी उडवून गोडवा दाट करते हे खरे. १७८७ मध्ये ट्रियरच्या इलेक्टरने (तिथल्या शासक आर्चबिशपने) हलक्या जाती काढून चांगल्या लावण्याचा हुकूम सोडला आणि मोझेलवर रीसलिंगचे बस्तान बसले. विसाव्या शतकात भरघोस उत्पन्न देणाऱ्या म्युलर-थुर्गाउ या जातीने तिला काही काळ मागे टाकले, आणि निर्यातीतल्या स्वस्त गोड वाइनमुळे जर्मन बाटल्यांचे नावही खराब झाले. त्यात रीसलिंगचा दोष फारसा नव्हता.

महाराष्ट्रात नाशिकच्या सुला कंपनीने रीसलिंग वाइन काढली आहे. नाशिक २० अंश अक्षांशावर. तिथे वेल थंडीने झोपी जात नाही. उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी करून घड हिवाळ्यात पिकवले जातात. रात्री गार असल्या तरी दुपारचे ऊन आम्ल टिकू देत नाही, त्यामुळे मोझेलच्या वाइनची आंबट धार इथे अपेक्षू नये.

आता मोझेललाही हवामानबदलाची झळ लागते आहे. वेलीवरच गोठलेल्या मण्यांपासून होणाऱ्या आइसवाइनसाठी उणे ७ अंश सेल्सिअस तापमान लागते; २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या एकाही वाइन विभागात ती होऊ शकली नाही. उलट सार आणि रुवर या उपनद्यांच्या खोऱ्यांतले, पूर्वी फारच थंड म्हणून मागे पडलेले मळे आता मागणीत आले आहेत.