व्यवस्थापन सर्व्हर : फेरउभारणी आणि डेटाबेस बॅकअप

संस्थेतल्या शेकडो-हजारो संगणकांवर सॉफ्टवेअर बसवणे, सुरक्षा पॅच (त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या) पोचवणे आणि कोणत्या यंत्रात काय आहे याची नोंद ठेवणे, ही कामे एका जागेवरून करणारा संगणक म्हणजे व्यवस्थापन सर्व्हर. मायक्रोसॉफ्टचा ‘सिस्टम्स मॅनेजमेंट सर्व्हर’ १९९४ मध्ये आला. आजचा ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’ त्याच घराण्यातला. या नोंदीतले तपशील मुख्यतः त्याचे आहेत.

हा सर्व्हर पडला तरी त्या दिवशी कोणाचे काम अडत नाही. बिले निघतात, मेल जातात, त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलली जाते. तेवढ्या काळात पॅच मात्र कुठेच पोचत नाहीत, आणि हा धोका कोणाच्या नजरेस येत नाही.

विंडोज आणि प्रोग्राम पुन्हा बसवता येतात. डेटाबेस तसा परत मिळत नाही. यंत्रांची यादी, त्यांचे गट, वितरणाचे नियम, वर्षानुवर्षे घातलेली घडी त्यातच असते. फेरउभारणीत सर्व्हरचे नाव, तीन अक्षरांचा साइट कोड (साइट म्हणजे या सर्व्हरखालची सगळी व्यवस्था) आणि डेटाबेसचे नाव जुनेच ठेवायचे. ते जुळले की क्लायंट (यंत्रांवरचे, या सर्व्हरशी बोलणारे प्रोग्राम) पूर्वीसारखे बोलू लागतात. नवा कोड घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली, तर जुन्या कोडला बांधलेली सगळी यंत्रे पोरकी होतात आणि त्यांना नव्या साइटकडे वळवण्याचे मोठे काम मागे लागते. सेटअप चालवायचा तो ‘सीडी डॉट लेटेस्ट’ या फोल्डरमधून, कारण साइटच्या चालू आवृत्तीच्या फाइल तिथे असतात. साइट परत उभी राहिल्यावर खात्यांचे पासवर्ड पुन्हा भरावे लागतात. ते कोणाकडे आहेत हे आधी माहीत नसेल तर उभा राहिलेला सर्व्हरही अर्धवटच चालतो.

बॅकअपचे दोन मार्ग आहेत. उत्पादनातले अंगभूत बॅकअप काम डेटाबेस, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) आणि साइटच्या फाइल एकत्र घेते, सीडी डॉट लेटेस्टसुद्धा. मात्र ते काही सेवा थोडा वेळ थांबवते आणि दर खेपेला मागची प्रत पुसून नवी लिहिते. बिघडलेला डेटाबेस रात्री चांगल्या प्रतीवर लिहिला गेला तर हाती काहीच उरत नाही, म्हणून प्रत्येक प्रत लगेच दुसरीकडे हलवावी. दुसरा मार्ग एसक्यूएल सर्व्हरच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, स्वतःच्या बॅकअपचा. त्यात सेवा थांबत नाहीत आणि फाइल दाबून लहान करता येते. सीडी डॉट लेटेस्ट मात्र वेगळे जपावे लागते. पॅकेजांच्या मूळ फाइल आणि कंटेंट लायब्ररी (वितरणासाठीच्या फाइलचा साठा) दोन्ही मार्गांत बाहेरच राहतात.

साइटचा डेटाबेस सहसा ‘सिंपल’ रिकव्हरी मॉडेलवर असतो, म्हणजे लॉगचा (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा) बॅकअप घेता येत नाही. यंत्रांची माहिती क्लायंट पुन्हा पाठवू शकतात, त्यामुळे या सर्व्हरला रोज रात्रीचा पूर्ण बॅकअप पुरतो. रुग्णालयाच्या बिलिंगला तो पुरणार नाही. तिथे लॉग जपून ठेवणारे ‘फुल’ मॉडेल आणि दर काही मिनिटांनी लॉग बॅकअपच हवा. मॉडेल बदलून लॉग बॅकअप विसरले, तर लॉग फाइल डिस्क भरेपर्यंत वाढत जाते.

‘रिस्टोअर व्हेरिफायओन्ली’ या आज्ञेने बॅकअपची फाइल वाचता येते एवढेच कळते. खरी परीक्षा म्हणजे प्रत दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून (म्हणजे तिच्यातून डेटाबेस परत उभा करून) ‘डीबीसीसी चेकडीबी’ ही डेटाबेस तपासणारी आज्ञा चालवणे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेत चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, तेव्हा नेहमीचा बॅकअप आवृत्तीच्या गफलतीमुळे बनतच नव्हता आणि अपयशाच्या सूचनेच्या मेलही पोचत नव्हत्या, असे उघड झाले. सुमारे सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) हाताशी होता, त्यावर निभावले. एकच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारी रेड व्यवस्था बॅकअपची जागा घेत नाही, कारण ती चुकीचे पुसणेही तत्परतेने दोन्ही डिस्कवर करते.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा प्रचलित नियम. नागपुरात ‘दुसरी जागा’ विचारपूर्वक निवडावी लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत घरे-दुकाने पाण्यात गेली. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच नदीकाठच्या दुसऱ्या कार्यालयात, ही मांडणी अशा पहाटे कामाची नाही. मिहानसारख्या शहराबाहेरच्या भागात एक प्रत आणि पुणे-मुंबईत किंवा क्लाउडवर आणखी एक ठेवणे बरे. त्यांतली निदान एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी, म्हणजे रॅन्समवेअरचा (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हात तिथवर पोचणार नाही.

उन्हाचा प्रश्न वेगळा. मे अखेरच्या नवतप्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. सर्व्हर रूमचा एसी बंद पडला आणि वीजही गेली, तर यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो पण खोली थंड ठेवत नाही. म्हणून रिस्टोअरचा सराव एप्रिलमध्ये एकदा आणि पावसाआधी जूनच्या सुरुवातीला एकदा ठेवावा, आणि दोन्ही वेळी किती तास लागले ते कागदावर लिहून सर्व्हर रूमबाहेर ठेवावे.