‘जीव लागत नाही’ म्हणजे नेमकं कशात?

मावशी गेली आणि माझ्या मावसबहिणीची झोप उडाली. दिवसा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत ड्युटी, रात्री सिडकोतल्या घराच्या गॅलरीत पहाटेपर्यंत बसून राहणं. शेवटी ती गंगापूर रोडवरच्या एका काउन्सेलरकडे गेली. हातात इंग्रजी फॉर्म आला. तो भरता भरता ती म्हणाली, “जीवच लागत नाही हो कशात.” पलीकडून प्रश्न आला, “म्हणजे लो मूड. किती दिवसांपासून?” दोन सेशननंतर तिने जाणं सोडलं. “थेरपीबिरपी आपल्यासाठी नसते गं,” मला म्हणाली.

अशी मधेच सोडणारी माणसं पुष्कळ आहेत. स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग या संशोधकांनी २०१२ मध्ये ६६९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा साधारण पाचातला एक जण थेरपी अर्ध्यावर टाकतो असं दिसलं. फी, वेळ, घरच्यांचा विरोध, कारणं अनेक असतात. पण समोरच्याशी सूर न जुळणं हे कारण आपण फार सहज स्वतःच्या माथी मारून घेतो, आणि तिथेच मला तळमळून काही सांगायचं आहे. सूर जुळणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो मोजता येतो.

एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये त्याची फोड तीन भागांत केली. आपल्याला कुठे पोचायचंय यावर दोघांचं एकमत, तिथे जाण्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवरचा विश्वास. बहिणीला आधी झोप हवी होती. तिला विचारलं जात होतं लहानपणाबद्दल. रोज वहीत विचार लिहायला सांगितलं होतं, पण ते कशासाठी हे तिला कुणी समजावलंच नाही. म्हणजे विश्वासाची गोष्ट येण्याआधीच पहिले दोन धागे सुटले होते.

या नात्याचा गुण येण्याशी किती संबंध आहे? २०१८ मध्ये २९५ अभ्यासांचा, तीस हजारांहून जास्त माणसांचा एकत्रित हिशोब झाला. कुणाला किती बरं वाटलं यातल्या फरकापैकी सुमारे ८ टक्के फरक या नात्याशी जोडलेला निघाला. आकडा लहान वाटेल, पण मान्यताप्राप्त थेरपी-पद्धतींची आपसात तुलना केली की त्यांच्यातला फरक बहुतेकदा याहूनही कमी भरतो. (मंत्रचळ म्हणजे ओसीडी, किंवा ठरावीक गोष्टीची तीव्र भीती असेल तर पद्धत नक्की विचारा, तिथे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं नेणारी पद्धत चांगली सिद्ध झालेली आहे.) बरं वाटायला लागलं म्हणून नातं चांगलं वाटतं, असंही कुणी म्हणेल. म्हणून संशोधकांनी सेशनमागून सेशन मोजमाप केलं. आज सूर जुळला तर पुढच्या भेटीपर्यंत त्रास थोडा उतरतो, असं त्यात दिसतं.

२००७ च्या एका अभ्यासाने मला सगळ्यात जास्त धीर दिला. ८० थेरपिस्ट, त्यांच्याकडे आलेली ३३१ माणसं. काही थेरपिस्टचं नातं बहुतेकांशी जुळत होतं आणि त्यांच्याकडच्या लोकांना जास्त गुण येत होता. एकाच थेरपिस्टकडे येणाऱ्यांपैकी कुणाचं जास्त जुळलं, कुणाचं कमी, याने मात्र विशेष फरक पडला नाही. म्हणजे नातं जुळवण्याची मोठी जबाबदारी खुर्चीच्या पलीकडच्या माणसावर असते. “माझाच स्वभाव कठीण” म्हणत घरी बसलेल्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

वर्षभराने बहीण दुसऱ्या एका काउन्सेलर ताईंकडे गेली. तेच वाक्य बोलली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “जीव लागत नाही म्हणजे कशात? स्वयंपाकात, माणसांत, की स्वतःत?” ती तिथेच रडली. तिसऱ्या भेटीत मात्र ताई दोनदा घड्याळाकडे बघताना तिला दिसल्या. या वेळी गप्प न राहता चौथ्या भेटीत तिने ते बोलून दाखवलं. त्यांनी सबब सांगितली नाही. “तुम्हाला नकोशी झाले असं वाटलं का?” एवढंच विचारलं, आणि तो अख्खा तास मावशीच्या आजारपणात कुणालाच वेळ नव्हता यावर गेला. नात्यातला असा तडा बोलून सांधला गेला तर गुण जास्त येतो, असं अभ्यासही दाखवतात. म्हणून खटकलं की आधी सांगून बघा. ऐकून समोरचा चिडला किंवा तुम्हालाच दोष देऊ लागला, तर बदला. तीन-चार भेटींत बराचसा अंदाज येतोच.

पहिल्या फोनवरच विचारायला हरकत नाही: मराठीत बोलता येईल ना, शिक्षण काय, अशा त्रासात काम कसं करता, फी किती. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. गोळ्या लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ वेगळे, ते डॉक्टर असतात. कधी दोघांचीही गरज पडते. नाशिकमध्ये कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, ही भीती खरी आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क केलेला आहे. थेरपिस्ट नात्यातला किंवा सोसायटीतला निघाला तर सरळ दुसरं नाव मागा. आणि रात्री अडीच वाजता गॅलरीत बसून जीव घाबरा होत असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.