धावत्या रुग्णवाहिकेतला ८५ चा आकडा

रुग्णवाहिकेत बसवलेली दूरस्थ निरीक्षणाची, म्हणजे रुग्णाची मोजमापे रुग्णालयात पाठवणारी यंत्रणा कर्मचारी वापरत नाहीत असे दिसले, की त्यांना नवे काही नकोच असते असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो अन्यायकारक आहे. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, एखादे साधन कामाला उपयोगी पडेल आणि वापरायला सोपे जाईल असे वाटले, तर माणूस ते स्वीकारतो. धावत्या गाडीत मात्र त्याआधीच एक प्रश्न उभा राहतो : समोरचा आकडा खरा मानायचा का?

रक्तातील प्राणवायूचे प्रमाण टक्क्यांत दाखवणाऱ्या, बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरमधून सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो. प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी आणि अवरक्त जास्त शोषते; प्राणवायू सोडलेल्याचे याच्या उलट. पण त्वचा, हाड आणि नीलांमधले रक्तही प्रकाश शोषतेच, ते वगळायचे कसे? जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात यावर काढलेली तोड मला आजही विलक्षण सुंदर वाटते. ठोक्याबरोबर मुख्यतः रोहिण्यांमधलेच रक्त कमीजास्त होते. म्हणून शोषणाचा तेवढाच बदलता भाग दोन्ही प्रकाशांसाठी मोजायचा आणि त्यांचे गुणोत्तर काढायचे. गाडीला हिसका बसला, की नीलांमधले रक्तही हिंदकळते, दोन्ही प्रकाशांत जवळपास सारखाच चढउतार होतो आणि गुणोत्तर १ कडे सरकते. यंत्राच्या तक्त्यात गुणोत्तर १ म्हणजे साधारण ८५ टक्के प्राणवायू. रुग्ण नीट बोलत असतो, ओठ गुलाबी असतात, तरी पडद्यावर ८५ दिसते आणि गजर वाजू लागतो. नव्या यंत्रांतील गणिती गाळण्या हा दोष बराच कमी करतात, पूर्णपणे घालवत नाहीत; ‘चाकांवरचे रुग्णालय’ म्हणून होणाऱ्या जाहिरातींत हे सांगितले जात नाही.

तोच आकडा रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना बसलेला हिसका दिसत नाही. त्यांनी त्यावरून सूचना दिली आणि ती चुकीची ठरली, तर जबाबदारी कोणाची हे आधी ठरलेले नसेल, तर कर्मचारी हात आखडता घेणारच.

ईसीजीची, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखाची, गोष्ट वेगळी आहे. डच शरीरशास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांनी १९०५ मध्येच नेदरलँड्सच्या लायडनमधील रुग्णालयातून सुमारे दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेने हृदयाचा आलेख पाठवला होता. आज गाडी थांबवून, रुग्णाला स्थिर ठेवून काढलेला आलेख पुढे गेला, की हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी उघडण्याची तयारी रुग्ण पोहोचण्याआधीच सुरू होऊ शकते. मात्र पलीकडून ‘आलेख पाहिला, थेट कॅथलॅबमध्ये (ही रक्तवाहिनी उघडतात त्या कक्षात) आणा’ एवढे उत्तर यायला हवे. ते आलेच नाही, तर पुढच्या खेपेला कर्मचारी आलेख पाठवण्यात दोन मिनिटे का घालवतील?