कळण्याच्या भाकरीतला लाल मणी

अमळनेरकडच्या एका गावातल्या अंगणवाडीच्या भिंतीवर ‘मिलेट खा, निरोगी राहा’ असा रंगीत तक्ता लावलेला आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून असे तक्ते बरेच दिसतात. मी मुलांना विचारलं, मिलेट कोणी कोणी खाल्लंय? एकही हात वर झाला नाही. मग सेविकाताईंनी डबे उघडायला सांगितले. बऱ्याच डब्यांत बिस्किटं होती. एका मुलीने मात्र काळपट, कडेला भेगा गेलेली चतकोर भाकर वर धरली आणि म्हणाली, “मनी माय कयनानी भाकर करस.” म्हणजे, माझी आई कळण्याची भाकर करते.

तक्त्यावरचं सगळं ज्ञान त्या चतकोरात होतं. थोडं जास्तच होतं, कारण तक्त्यावर फक्त ज्वारी-बाजरीची चित्रं होती, उडीद नव्हता.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालीसकट काळे उडीद एकत्र करून, त्यातच खडेमीठ घालून दळलेलं पीठ. कुठे ज्वारीच्या तीन मापांना उडदाचं एक, कुठे चारास एक, ज्याच्या त्याच्या घरचं माप. वांग्याच्या भरताबरोबर ही भाकर इकडे आवडीने खातात. पण मला ती आवडते ती तिच्यातल्या रसायनशास्त्रामुळेही.

ज्वारीत प्रथिनं कमी असतात हा समज आधी काढून टाकूया. १०० ग्रॅम ज्वारीत ती सुमारे १० ग्रॅम असतात, गव्हातही जवळपास तेवढीच. अडचण वेगळी आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. वीस प्रकारचे मणी, त्यांतले नऊ शरीराला पुरेसे बनवता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. त्या नवांपैकी लायसिन हा मणी ज्वारीत फार कमी. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनात लायसिन जेमतेम २ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००७ च्या अहवालात ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी धरलेलं प्रमाण आहे ४.८ ग्रॅम.

हे चार वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं? मी मणीच नेले होते. एका वाटीत १० पांढरे, १० पिवळे, ४ लाल: ही ज्वारी. दुसरीत १० पांढरे, ४ पिवळे, १० लाल: हा उडीद. नियम एकच, दोऱ्यात पांढरा, पिवळा, लाल याच क्रमाने ओवायचं, मणी चुकवायचा नाही. ज्वारीच्या गटाची माळ चार फेऱ्यांतच अडली. वाटीत बारा मणी शिल्लक, पण लाल एकही नाही. उडदाच्या गटाचंही तेच, तिथे पिवळे संपले. दोघांच्या मिळून आठ फेऱ्या. मग सगळं काढून दोन्ही वाट्या एका ताटात ओतल्या आणि पुन्हा ओवायला लावलं. फेऱ्या झाल्या चौदा! मणी तेवढेच, माळ जवळजवळ दुप्पट.

लाल म्हणजे लायसिन, पिवळा म्हणजे मेथिओनिन, त्या नवांतलाच आणखी एक मणी. उडदात पहिला भरपूर, दुसरा कमी. ज्वारीत उलटं. तीनास एक कळण्याचा हिशेब केला तर १०० ग्रॅम प्रथिनामागे लायसिन २ वरून ४ ग्रॅमच्या आसपास जातं. उरलेली कसर वरण, दूध किंवा अंडं भरून काढतं. केळी लावणाऱ्या घरात हे समजावायला मणीही लागत नाहीत. पालाश (पोटॅश) कमी पडलं तर नुसत्या युरियाने घड भरत नाही, हे रावेर-यावलकडचा शेतकरी जाणतो. जे सर्वांत कमी, तेच वाढ अडवतं.

पेशीत ही अडवणूक कशी होते, ते मला थोडं सविस्तर सांगायचंय. प्रथिनाची माळ ओवणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. त्याच्यासमोरून मण्यांचा क्रम सांगणारी संदेशवाहक आरएनएची पट्टी सरकते, तीन-तीन अक्षरांची. एएए किंवा एएजी आलं की तिथे लायसिनच बसवायचं. ते आणून देणारा वाहक आरएनए वेगळा असतो. लायसिन नसलं तर हा वाहक मोकळ्या हाताने फिरतो आणि रायबोसोम त्या जागी थबकतो. पेशीत जीसीएन-२ नावाचं विकर (एन्झाइम) आहे. मोकळे वाहक वाढले की त्याला ते कळतं, आणि ते माळेची सुरुवात करून देणाऱ्या ईआयएफ-२ या प्रथिनावर फॉस्फेटचा गट चिकटवतं. झालं, नव्या माळा सुरू होण्याचं प्रमाणच घटतं. एका मण्याच्या टंचाईने बरंचसं बांधकाम मंदावतं, बाकीचे मणी समोर पडलेले असले तरी. आणि वाढत्या मुलाच्या अंगात बांधकाम सतत चालू असतं.

त्या उरलेल्या मण्यांचा साठा शरीर करत नाही. त्यांच्यातला नायट्रोजन यकृतात युरिया होऊन लघवीवाटे जातो, उरलेला सांगाडा ऊर्जेसाठी वापरला जातो.

दोन धान्यं एकाच घासात हवीत असं मात्र नाही. सकाळी भाकर, दुपारी वरण, एवढ्यानेही भागतं. कळण्याचा फायदा असा की लहान मुलाचं पोट छोटं, खाणं लहरी. वरणाची वाटी बाजूला सारली तरी भाकरीतला उडीद पोटात गेलेला असतो.

ही जोडी जुळवणाऱ्या बायकांना लायसिन ठाऊक नव्हतं. ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं १८८९ साली, तेही दुधातल्या केसीनमधून. ज्वारी आणि उडीद दोन्ही आपल्याच शेतात येत होते आणि चव जमली. या चवीला आणि अनुभवाला मान द्यावा, त्यासाठी पूर्वजांच्या नावावर प्रयोगशाळा चढवायची गरज नाही. पण दुसरी एक गोष्ट सांगायलाच हवी. मूल वाळत चाललं की त्याच्यावरून काळे उडीद उतरवून तिठ्यावर टाकणारी घरं मी आजही पाहतो. ते मूठभर उडीद दळणात घाला, आणि मुलाचं वजन करायला अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात न्या. नजर लागल्याने वजन घटत नाही.

बिस्किटांबद्दलही थोडं. पाकिटावर ‘मल्टिग्रेन’ लिहिलेलं असतं. मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिलं नाव मैद्याचं असेल तर ते मैद्याचं बिस्किट आहे, रंग कितीही तपकिरी असो.

कळण्याचं पीठ थोडं थोडं दळून आणा, फार दिवस ठेवू नका. लहानग्यासाठी तळहाताएवढी चानकी थापा. ती गरम असतानाच द्या, गार झाली की कडक होते आणि दुधाचे दात दमतात. पहिल्या दिवशी वास वेगळा लागला म्हणून मूल तोंड फिरवेल, तेव्हा बळजबरी नको. नवी चव मुलाच्या ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते. त्या मुलीच्या शेजारच्या मुलाने बिस्किट ठेवून तिच्या भाकरीचा तुकडा मागितला, तो वास घेऊन परत दिला, आणि माळ ओवून झाल्यावर पुन्हा मागितला.