आय-लीग: सहा वर्षं गोव्याची, मग दुसऱ्या श्रेणीची

१८ जुलै २०२५ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाचा निकाल आला आणि गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या नावावर लागलेलं आय-लीग या फुटबॉल स्पर्धेचं विजेतेपद वाराणसीच्या इंटर काशीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी आमच्या चहाच्या दुकानात पेपर हातोहात फिरत होता. तेवढ्यात कोपऱ्यातून एकाने विचारलं, "ही लीग दुसऱ्या नंबरची ना? मग स्वित्झर्लंडपर्यंत भांडत जायचं कारण काय?"

प्रश्न बरोबर होता. विचारणारा पोरगा विशीतला. ही लीग एके काळी देशात पहिली होती आणि सलग सहा वर्षं ती गोव्याबाहेर गेली नव्हती, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही.

गोव्यात फुटबॉल आला तो शिवोलीत, १८८३ मध्ये, फादर विल्यम लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूबरोबर. पुढे भाताची कापणी झाली की मोकळं झालेलं शेत म्हणजे मैदान, हे गणित गावोगाव पक्कं झालं. पण देशपातळीवर खेळायला प्रवासाचा खर्च लागतो, खेळाडूंना पगार लागतो. तो पैसा गोवा मुक्तीनंतरच्या काळात मुख्यतः खाणींतून आला. साळगावकर, धेंपो, सेझा ही नावं मैदानाआधी खनिजाच्या ट्रकांवर आणि बार्जवर होती. खेळाडूला कंपनीत नोकरी आणि अंगावर कंपनीच्याच नावाची जर्सी, अशी ती व्यवस्था. मराठी माणसाने हेही लक्षात ठेवावं की धेंपोच्या क्लबाचं मूळ डिचोलीचं. डिचोली उत्तर गोव्यातली, सासष्टी दक्षिणेतली. 'फुटबॉल म्हणजे सासष्टी' असं जे सरसकट म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. ताळगावचे ब्रह्मानंद संखवाळकर याच परंपरेतले. साळगावकरचे गोलरक्षक, भारताचे कर्णधार, २०२२ चे पद्मश्री. १९८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संतोष चषक वाटून घेतला आणि १९८४ मध्ये एकट्याने जिंकला, ते याच पिढीच्या जोरावर. १९८८ मध्ये साळगावकरने फेडरेशन चषक आणला. गोव्यातल्या क्लबाने तो जिंकण्याची ती पहिली वेळ.

तोवर देशात खरी लीग अशी नव्हतीच. फेडरेशन, रोव्हर्स, ड्युरँड असे चषक आणि प्रत्येक राज्याची आपापली लीग. राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली ती १९९६-९७ च्या मोसमात, आणि पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीने नेलं. दोन वर्षांनी, १९९८-९९ मध्ये, साळगावकर विजेता. मग धेंपोची पाळी आली.

धेंपोच्या पहिल्या लीग विजेतेपदाच्या मोसमाची आठवण मात्र आनंदाची राहिली नाही. ५ डिसेंबर २००४, बंगळूर, फेडरेशन चषकाची अंतिम लढत, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर याने पहिला गोल केला, दुसराही केला. दुसरा करतानाच गोलरक्षकाशी त्याची धडक झाली आणि तो तिथेच कोसळला. तो पुन्हा उठला नाही. सामना धेंपोने २-० असा जिंकला, पण तो चषक हातात घेताना कोणाला काय वाटलं असेल? क्लबाने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्याच मोसमात धेंपोने लीगही जिंकली, आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिला तो गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब. धेंपोचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. २००६-०७ मध्ये धेंपोने पुन्हा बाजी मारली.

२००७ मध्ये लीगचं नाव बदललं, आय-लीग झालं. त्यानंतरची यादी एकदा वाचाच: २००७-०८ धेंपो, २००८-०९ चर्चिल, २००९-१० धेंपो, २०१०-११ साळगावकर, २०११-१२ धेंपो, २०१२-१३ चर्चिल. एवढ्याशा राज्यातले तीन क्लब, सहा वर्षं, आणि कोलकात्याच्या हाती काही नाही. धेंपो २००८ मध्ये एएफसी चषक या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. चर्चिलकडून ओडाफा ओकोली आणि धेंपोकडून रँटी मार्टिन्स हे दोघे नायजेरियन गोलांचा पाऊस पाडत होते. २०११-१२ च्या एका मोसमात रँटीचे ३२ गोल. समीर नाईक, महेश गवळी यांच्यासारखी आपल्या ओळखीच्या आडनावांची मंडळी बचावात उभी. (त्या काळी मुंबई-पुण्याच्या मराठी पेपरांत या सगळ्याला किती जागा मिळायची, ते आठवलं की अजून राग येतो.)

या सहा वर्षांत साळगावकरची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. २००७-०८ ला तो पहिल्या श्रेणीतून खाली फेकला गेला. खालच्या श्रेणीत खेळून २००९ मध्ये वर आला आणि २०१०-११ ला, करीम बेंचरिफा प्रशिक्षक असताना, थेट विजेता झाला. दुसरी श्रेणी असावी कशासाठी, याचं उत्तर या तीन वर्षांत आहे. शिडी दोन्ही बाजूंनी चालती होती.

गोव्याचा हा जोर ऐन भरात असतानाच, डिसेंबर २०१० मध्ये, दिल्लीत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क त्यात गेले. त्यातूनच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) उभी राहिली. आठ शहरांचे आठ नवे संघ, ऑक्टोबर ते डिसेंबर असा छोटा मोसम, परदेशी तारे, आणि खाली पडायची भीती कोणालाच नाही. एफसी गोवाच्या पहिल्या मालकांत व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत, श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर होते. म्हणजे जुन्या घराण्यांतलीच माणसं नव्या दारातूनही आत होती. हे सांगितलं नाही, तर पुढची कथा 'बाहेरच्यांनी आमचं नेलं' एवढीच होऊन बसते.

आणि एक कबुलीही द्यायला हवी. धेंपो विजेता असताना फातोर्ड्याचं स्टेडियम अर्धं रिकामं असायचं. साध्या दिवशी दुपारची मॅच, ऊन तोंडावर, बाकांवर ओळखीचेच चेहरे. एफसी गोवा आला आणि त्याच स्टेडियममध्ये संघाची जर्सी घालून घरंच्या घरं येऊ लागली. बाहेर रोस-ऑम्लेटच्या गाड्याला हात लावायला जागा नसे. लोक चांगल्या फुटबॉलसाठी येतात, हा आमचा समज तेव्हा मोडला. दिवे, टीव्ही आणि संध्याकाळची वेळ, यांनीही लोक येतात.

इकडे जुन्या क्लबांखालची जमीन सरकत होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. बंदी उठायला एप्रिल २०१४ उजाडला. डिचोली-साखळीच्या रस्त्यांवरची लाल धूळ बसली, तसा कंपन्यांचा हातही आखडला. सगळं खाणींमुळे झालं असं मी म्हणणार नाही, चर्चिलचा पैसा काही खाणीचा नव्हे. पण तोट्यात क्लब चालवायला मन मोठं लागतं आणि तिजोरीही.

मग पडझड भराभर झाली. चर्चिलने जानेवारी २०१४ मध्ये कोचीत स्पोर्टिंगला हरवून फेडरेशन चषक जिंकला. त्याच वर्षी क्लब-परवान्याच्या निकषांत न बसल्याने तो लीगबाहेर. २०१४-१५ मध्ये धेंपो खाली गेला. त्यातली मेख अशी की तळाला धेंपो नव्हताच, पुण्याचा भारत एफसी होता. पण त्या नव्या संघाला थेट प्रवेशाबरोबर पडझडीपासून अभयही मिळालेलं. म्हणून पाच वेळचा राष्ट्रीय विजेता गेला. तरीही धेंपो खालच्या श्रेणीत मुकाट खेळला आणि २०१५-१६ ला तिथला विजेता होऊन परत यायला तयार झाला.

पण त्याच वेळी वरची पायरीच काढून घ्यायचं ठरत होतं. महासंघाचा प्रस्ताव आला: आयएसएल सर्वांत वर, आय-लीग तिच्या खाली, आणि या दोघींमध्ये चढ-उतार नाही. जिंका, हरा, तुम्ही तिथेच. जून २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी लीग सोडली. पाठोपाठ धेंपोनेही माघार घेतली. खेळाडू एका फटक्यात मोकळे झाले आणि क्लब गोव्याच्या प्रो-लीगपुरते उरले. हा निर्णय स्वाभिमानाचा होता असं तेव्हा आम्ही सगळेच म्हणालो. आज मला तो घाईचा वाटतो. खालच्या श्रेणीत धेंपोच्या मागे दुसरा आलेला मिनर्व्हा पंजाब वर आला आणि २०१७-१८ मध्ये चक्क आय-लीगचा विजेता झाला. रिकाम्या जागांतून चर्चिल मात्र आत परतला आणि पुढे गोव्याचं नाव या लीगमध्ये एकट्याने टिकवून धरलं.

कागदोपत्री मोहोर नंतर उमटली. २०१७ मध्ये आशियाई महासंघाने दोन्ही लीगना शेजारी-शेजारी मान्यता दिली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये आराखडा मंजूर झाला: आयएसएल पहिली, आय-लीग दुसरी. क्लब हरून खाली जातो. इथे एक अख्खी लीग एकही सामना न हरता खाली गेली.

करोनाच्या मोसमात, २०२०-२१ ला, आयएसएल पूर्णच्या पूर्ण गोव्यात झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, सगळीकडे रिकाम्या गॅलऱ्या. आय-लीग कोलकात्याकडे, आणि आपला चर्चिल तिकडे. शेवटच्या दिवशी चर्चिल आणि गोकुळम केरळ यांचे गुण सारखे झाले, आपसातल्या लढतींच्या हिशेबावर विजेतेपद गोकुळमला गेलं.

शिडी पुन्हा लागली ती २०२२-२३ पासून. आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलचं दार उघडं, अर्थात परवान्याची अट पाळून. पहिला राउंडग्लास पंजाब वर गेला, मग कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या चषकाला अचानक करोडोंची किंमत आली. धेंपोही २०२३-२४ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून, समीर नाईक प्रशिक्षक असताना, वर आला. २०२४-२५ ला राष्ट्रीय लीगमध्ये धेंपो-चर्चिल लढत झाली ती अकरा वर्षांनी.

त्याच मोसमाचा शेवट लोझानला झाला. ६ एप्रिल २०२५ ला चर्चिलने श्रीनगरात रियल काश्मीरशी बरोबरी साधली: चर्चिल ४० गुण, इंटर काशी ३९. पण जानेवारीत 'नामधारी एफसी' या क्लबाने काशीविरुद्ध अपात्र खेळाडू उतरवल्याचा वाद लोंबकळत होता. शिस्तपालन समितीने तीन गुण काशीला दिले, अपील समितीने काढून घेतले. एप्रिलमध्ये चर्चिलला विजेता जाहीर करून चषकही दिला गेला. जूनमध्ये लवादाने अपील समितीचा तो निर्णय रद्द केला आणि काशीचे गुण ४२ झाले. जुलैत काशीविरुद्धचा अपील समितीचा दुसरा निर्णयही रद्द करून लवादाने काशीला विजेता ठरवलं.

काशी आयएसएलमध्ये गेला. चर्चिलला चषक परत करायचं पत्र आलं.